सुरुंगाची आळवणी

मोशीच्या कोंडीरामाला बोलता येत नव्हतं. तो मुका नव्हता. मुका असता तर गावाचं भलंच झालं असतं. त्याला गळा होता, जीभ होती आणि सकाळी उठल्यापासून दोन्ही चालू असायची. पण माणसानं माणसाशी बोलावं तसं सरळ वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. प्रत्येक शब्दाला तो हेल द्यायचा. शेवटचं अक्षर तोंडात घोळवायचा, ताणायचा, आणि सोडताना डोळे मिटून घ्यायचा; जणू आत्ता आपण काय बोललो ते आकाशातून कुणीतरी ऐकलंच पाहिजे.

"गवराऽऽ, भाकर वाढ गंऽऽ, जीव झालाय कासावीऽऽस!"

त्याची बायको गवराबाई चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "भाकर पायजे आसंल तर भाकर म्हना. देवापुढं उभं हायसा का?"

गावात त्याच्या या बोलण्याला ज्याचा त्याचा शब्द होता. भजनातली मंडळी म्हणत, कोंडीराम सूर लावतो. म्हातारे म्हणत, हेल काढतो. पाणवठ्यावरच्या बायका म्हणत, गळा काढतो; आणि हा शब्द मयताच्या घरी वापरतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गवराबाई नुसतं 'आळवतो' म्हणायची, पण तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा. शेत तीच बघत होती. बैलसुद्धा कोंडीरामाच्या हाळीनं वळत नसत. त्यांना वाटत असावं, हा आपल्याशी बोलत नाहीये.

या आळवण्यानं त्याचा फायदा किती व्हायचा ते एकदा सगळ्या गावानं पाहिलं. शेजारच्या गेनूचा बांध रातोरात फुटला आणि पाणी कोंडीरामाच्या वाफ्यात गेलं. गेनू तरातरा पारावर आला. "कोंड्या, माझा बांध तू फोडलास का? व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन."

कोंडीरामानं एक हात कानावर ठेवला, दुसरा वर केला. "बांध कुनाचाऽऽ, वाफा कुनाचाऽऽ, सगळी माती एकाचीऽऽ..."

पारावरची माणसं हसली. एकानं तर 'वा' म्हटलं. गेनू बिचारा मधल्या मध्ये उभा. चिडलेला माणूस गाण्यापुढं नेहमी बावळट दिसतो. तो शिव्या देत निघून गेला आणि पाणी जिथं जायचं तिथं गेलं होतंच. कोंडीराम त्या दिवशी एक गोष्ट पक्की शिकला. सरळ प्रश्नाला सूर लावला की उत्तर द्यावं लागत नाही.

हे सगळं गावापुरतं राहिलं असतं. पण चौपन्न सालच्या सुमाराला पिंपरीच्या माळावर मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं, रस्ते निघाले, आणि दगडाला सोन्यासारखी मागणी आली. पुण्याच्या एका ठेकेदारानं मोशीच्या टेकाडावर खाण उघडली. खाणीवर माणसं आली ती लांबून. सातारकडचा हिंदुराव मुकादम म्हणून आला. बीडकडून ज्योतीराम आणि त्याची बायको शालनबाई आली. तो घणानं दगड फोडायचा, ती पाटीनं वाहायची. टेकाडाच्या पायथ्याला त्यांच्या पत्र्याच्या आणि पाचटाच्या खोपट्या उभ्या राहिल्या.

खडकात पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं, अशी तिथली रीत. वात लावणारा भैरू आमच्याच गावचा. कमी बोलणारा, दोन बोटं आधीच गमावलेला. त्याच्या आधी हाळी देणारा लागायचा. लाल फडकं बांधलेली काठी वर धरायची, 'सुरुंग लागतोय, बाजूला व्हा' म्हणून ओरडायचं, रस्त्यावरच्या गाड्या थांबवायच्या, खड्ड्यात कुणी राहिलं नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि मग निशाण खाली करायचं. निशाण खाली आलं की भैरू वातीला काडी लावायचा. काम सोपं होतं. डोकं जागेवर असलं की झालं.

हिंदुरावानं एका गुरुवारी भजनात कोंडीरामाचा गळा ऐकला आणि तिथंच त्याला कामावर घेतला. "आवाज नाशिकच्या रस्त्यापर्यंत जातो गड्याचा," तो म्हणाला. आवाज जात होता हे खरं. हिंदुरावानं नुसता आवाज मोजला.

पहिले काही दिवस कोंडीराम सांगितलं तेवढं ओरडला. मग त्याला ते आळणी लागायला लागलं. खालून एवढी माणसं माना वर करून आपल्याकडं बघतात, आणि आपण काय म्हणायचं तर 'बाजूला व्हा'? त्यानं आरोळीला चाल लावली. मग शब्द जोडले. मग यमक.

"व्हा रं बाजूलाऽऽ, व्हा गं बाजूलाऽऽ,
सुरुंगराजा आला पाव्हनाऽऽ!
डोंगराच्या पोटी दारूची पेटी,
धरनीमायला फुटला पान्हाऽऽ!"

कवन हे असलं. पण दिवसभर दगड उचलून वाकलेल्या माणसांना तेवढंही पुष्कळ झालं. बायका पाट्या खाली ठेवून हसायला लागल्या. रस्त्यावरचे गाडीवान थांबा म्हणायच्या आधीच थांबायला लागले. कोंडीराम रोज नवं कडवं रचून आणायचा. कधी मुकादमाच्या फेट्यावर, कधी भैरूच्या बोटांवर. ज्याच्यावर कडवं असेल तो दिवसभर छाती काढून हिंडायचा. आरोळी ऐकून पळायचं असतं हे हळूहळू कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. लोक आरोळी ऐकायला थांबू लागले.

भैरूला ते खटकलं. त्यानं एकदा कोंडीरामाला गाठून सांगितलं, "लोकं पळत न्हाईत. तू गातोस म्हनून हुभी ऱ्हात्यात. साधं वराड."

"वरडनं गाढवाचंऽऽ, गानं मानसाचंऽऽ," कोंडीराम म्हणाला.

भैरूनं मुकादमाला सांगितलं. मुकादम हसला. त्याच्या फेट्याचं कडवं त्याला फार आवडलं होतं.

पण कोंडीरामाला अजून एक हौस आली. आपलं शेवटचं पालुपद आणि सुरुंगाचा धडाका एकदमच व्हावा, असं त्याच्या मनानं घेतलं. गाणं संपवून निशाण खाली करायचं तर वात जळेपर्यंत मध्ये नुसती शांतता. सगळा रंग जायचा. म्हणून तो गाता गाताच, आधीच, निशाण खाली करू लागला. म्हणजे शेवटची तान हवेत असताना मागं धडाड्! दोन-चार वेळा ते अगदी जुळलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोंडीराम स्वतः मात्र तोपर्यंत एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला उभा राहून गाऊ लागला होता. तिथून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जायचा, काठीचं टोक दिसायचं, आणि त्याला खड्डा दिसायचा नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्यानं ज्योतीरामावर कडवं केलं.

ज्योतीराम साधा माणूस. त्याचं नाव तोवर कुणी मोठ्यानं घेतलं होतं ते फक्त हजेरीच्या वेळी. धोंड्याआडून 'बीडमुलखीचा वाघ आलाऽऽ' असं सुरू झालं तेव्हा तो खड्ड्यातच एका कडेला तंबाखू मळत होता. शालनबाई वर पोचली होती. तिनं हाक मारली, "आवो, या की वर!" त्यानं हात हलवून तिला गप्प केलं. त्याला आपलं नाव ऐकायचं होतं. वाघ आला, वाघानं घण उचलला, घणाला डोंगर भ्याला. नाव काही येईना. कोंडीरामानं ते शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवलं होतं. निशाण केव्हाच खाली आलं होतं. पलीकडच्या अंगाला भैरूनं वात लावली आणि तो पळाला. त्याच्या बाजूनं खड्ड्याची ती कड दिसत नसे, ते बघणं हाळीवाल्याचं काम होतं.

"ज्योतीराऽऽम..." असं ऐकू आलं, आणि डोंगर उडाला.

धूळ खाली बसली तेव्हा ज्योतीरामाचा उजवा पाय एका चिऱ्याखाली होता. भैरूनं आणि इतरांनी पहारींनी चिरा उचलला. दगडाच्या ट्रकमधूनच त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेला. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

संध्याकाळी हिंदुरावानं कोंडीरामाला समोर उभं केलं. सगळे जमले होते. "निशान खाली केलंस तवा खड्ड्यात बघितलंस का? एवढंच सांग."

कोंडीरामानं डोळे मिटले. "कसं सांगू मुकादमाऽऽ, काळजाचं झालं पानीऽऽ, हाका मारून मारूनऽऽ कंठाला पडली चीऽऽर..."

आणि आम्ही काय सांगावं, तिथं उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं! हिंदुरावानं फेट्याच्या शेवानं नाक पुसलं. प्रश्न होता 'बघितलंस का?' त्याला 'हो' आलं नाही, 'नाही' आलं नाही. एकटा भैरू थुंकला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, हा माणूस हाळी देणार असेल तर मी वातीला हात लावणार नाही. तेव्हा कुठं कोंडीरामाला काढलं.

त्याच्या जागी शालनबाई आली. नवरा खोपटीत पडून, पाटी वाहून दोघांचं भागेना. तिनं स्वतःच मुकादमाकडं ते काम मागितलं. तिची आरोळी म्हणजे "सुरुंग! पळा!" एवढीच. कोंबडीवर झडप घालणाऱ्या कुत्र्याला हाकलावं तसा आवाज. ओरडून झालं की ती खड्ड्याच्या काठानं फिरायची, कोण रेंगाळलं असेल त्याला खडा मारायची, आणि मगच निशाण खाली. "काय बया भुंकती," असं माणसं पळता पळता म्हणायची. म्हणायची पण पळायची.

कोंडीरामाचं पुढं काय व्हावं? गावात कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं असतं तर न्याय झाला असता. झालं उलटंच. त्यानं एक खंजिरी पैदा केली आणि पिंपरीकडचा रस्ता धरला. तिथं बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या वाढत होत्या. घरदार सोडून आलेली माणसं सुट्टीच्या दिवशी करमणुकीला हपापलेली असायची. तिथं त्यानं नवं गाणं लावलं: 'ज्योतीरामाचा झगडा.'

"ज्योतीराम गडीऽऽ, वाघाची उडीऽऽ,
दगडाशी झुंजला रानातऽऽ!
हाका मारून दमला कोंडीरामऽऽ,
आसवं गोठली डोळ्यातऽऽ!"

त्या गाण्यात ज्योतीराम दुसऱ्या कामगाराला वाचवायला खड्ड्यात उडी घ्यायचा. कोंडीराम त्याला थांबवायला जीव तोडून ओरडायचा. धोंड्याचा आडोसा त्या गाण्यात कुठंच नव्हता. माणसं मुंडी हलवत ऐकायची, पालुपदाला री ओढायची आणि नारळ द्यायची. गवराबाईला कुणीतरी येऊन सांगितलं की तुझ्या नवऱ्याचं पिंपरीत मोठं नाव झालंय. ती म्हणाली, "मग तितंच ऱ्हाऊ द्या."

शालनबाईच्या कानावर हे पोचलं तेव्हा ती एका रविवारी पिंपरीला चालत गेली. झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोंडीराम एका उलट्या घमेल्यावर बसला होता. भोवती चांगली गर्दी होती. ती मागं उभी राहून सगळं ऐकून घेत होती. नवऱ्यानं उडी घेतल्याचं ऐकलं. कोंडीरामाच्या गोठलेल्या आसवांचं ऐकलं. कडवं संपून खंजिरी थांबली तशी ती माणसांतून वाट काढत पुढं गेली.

"मी ज्योतीरामाची बायको," ती म्हणाली. "माझ्या दादल्यानं कुनासाठी उडी घेतली नाही. तो तुझं गानं ऐकत बसला होता. त्याच्या नावाचं कडवं तूच केलतंस. आता ह्या मान्सांपुढं मला साधं बोलून सांग. खड्ड्यात बघितलंस का नाही?"

कोंडीरामानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आम्हाला नंतर ज्यांनी सांगितलं ते म्हणाले की क्षणभर वाटलं, हा आता बोलणार. पण त्याला सुराशिवाय बोलणं खरंच येत नव्हतं. किंवा आयुष्यभर टाळता टाळता यायचं राहिलं होतं. त्यानं खंजिरीवर थाप मारली.

"माय माझीऽऽ दुःखानं झाली वेडीऽऽ..."

"बाई, बसा खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "रंगात आलंय." आणि बायकांतली एक डोळ्याला पदर लावून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

शालनबाईनं तो हात झटकला. "माय म्हनू नको मला," ती म्हणाली. "तुझ्यासारकं पोर झालं असतं तर मी उकिरड्यावर टाकलं असतं." मग तिनं त्या सगळ्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. खाणीवर रेंगाळणाऱ्यांना ती खडा मारायच्या आधी बघायची तशीच. आणि ती निघाली.

खोपटीत आल्यावर तिनं सगळं ज्योतीरामाला सांगितलं. तिला वाटलं तो संतापेल. तो भिंतीला टेकून बसला होता, कुबडी मांडीवर घेऊन. त्यानं कुबडीवरून हात फिरवला. मग विचारलं, "वाघ म्हनतो का मला?"

"म्हनतो."

"लई मानसं असत्यात?"

तिनं चुलीत लाकूड सारलं.

"मला घेऊन चल की एकदा," तो म्हणाला. "गान्यात तरी माजे दोन पाय हायेत."

ती त्याला घेऊन गेली नाही. तो दगडाच्या ट्रकवाल्याला विनवून स्वतःच गेला. कोंडीरामानं त्याला बघितलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. असं हुकमी रडला की त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग ज्योतीराम दर रविवारी जायला लागला. घमेल्याशेजारी त्याच्यासाठी एक खोकं ठेवलं जाऊ लागलं. कडव्याला त्याचं नाव आलं की तो कुबडी वर उचलायचा आणि लोक आरोळ्या ठोकायचे. संध्याकाळी घरी अर्धा नारळ घेऊन यायचा. शालनबाई तो नारळ शेजारणीला देऊन टाकायची. भांडली नाही, रडली नाही. नवऱ्याची कीव आणि किळस एकाच वेळी आली की बाई जशी गप्प होते, तशी ती झाली. त्याची भाकर करायची, पाय धुवायची, जखम बघायची, आणि सकाळी निशाणाची काठी घेऊन टेकाडावर जायची.

असं वर्षभर चाललं. मग भोसरीच्या अंगाला एका बांधकामाची भिंत पडली आणि एक तरणा मजूर दगावला. नवं लग्न झालेलं, अंगाला हळद होती. कोंडीरामाला यापेक्षा काय हवं होतं? पुढच्या रविवारी त्यानं खंजिरी उचलली आणि हळदीच्या अंगाचं गाणं लावलं. लोक हुंदके द्यायला लागले. असं रडणं ज्योतीरामाच्या गाण्याला कधी आलं नव्हतं. ज्योतीराम खोक्यावर कुबडी धरून बसला होता. एक कडवं झालं, दुसरं झालं. त्याचं नाव काही आलं नाही. गाणं संपल्यावर कोंडीरामानं त्याला बाजूला घेतलं.

"गड्याऽऽ, आता तुझ्या पायात काईऽऽ ऱ्हायलं न्हाईऽऽ," तो म्हणाला. आणि हेसुद्धा त्यानं चालीत म्हटलं! हे आम्हाला ज्योतीरामानंच पुढं सांगितलं, म्हणून खरं मानायचं.

ज्योतीराम त्या दिवशी नारळाशिवाय घरी आला. शालनबाई चुलीपाशी मेथी निवडत बसली होती. तो उंबऱ्यात बसला. तिथूनच त्यानं विचारलं.

"शालन, त्या दिशी काय झालतं?"

"तुमाला ठावं हाय."

"तू सांग. मला गान्यातलंच आटवायलंय आता. तुझ्या तोंडानं सांग."

तिनं सांगितलं. मेथीची पानं खुडत, एका आवाजात, जसं झालं तसं. तुम्ही तंबाखू मळत होता. मी हाक मारली. तुम्ही हात हलवलात. तुम्हाला नाव ऐकायचं होतं. निशाण खाली गेलेलं तुम्हाला दिसलं होतं की नाही ते मला माहीत नाही. तो धोंड्यामागं होता.

"मी हसत होतो?" त्यानं विचारलं.

"हां. हसत होता तुमी."

ज्योतीरामानं मान खाली घातली. मग म्हणाला, "भाकर दे." तिनं दिली.

त्यानंतर तो पिंपरीला गेला नाही. खाणीवर येऊन बसायला लागला. पाथरवटांच्या छिन्न्यांना धार लावून द्यायचं काम त्यानं बसल्या जागी शिकून घेतलं, आणि सुरुंगाच्या वेळी बायकोनं 'पळा' म्हटलं की सगळ्यांच्या आधी कुबडी टाकत तोच निघायचा.

भोसरीच्या त्या मजुराच्या भावांनी मात्र कोंडीरामाचं गाणं एकदाच ऐकलं. खंजिरी फोडली आणि त्यालाही थोडा फोडला. त्यांना सूर कळत नव्हता, हे बरं झालं. मग कोंडीरामाला जुना वाघ आठवला. एका सकाळी तो खाणीच्या खोपट्यांत आला आणि ज्योतीरामाच्या दारासमोर उभा राहिला. डोक्याला फडकं बांधलेलं, आवाज थोडा घोगरा.

"ज्योतीरामाऽऽ, माझ्या राजाऽऽ, चल रंऽऽ..."

आत नवरा-बायको न्याहारी करत होती.

"कोन हाय?" शालनबाईनं विचारलं, मुद्दाम.

ज्योतीरामानं घास गिळला. "कुनी नाही," तो म्हणाला, आणि ठेच्यासाठी हात पुढं केला.

कोंडीरामानं बाहेर आणखी दोन वेळा आळवलं. दुसऱ्या वेळी तान मोठी घेतली. दार हललं नाही. मग तो शेजारच्या खोपटीपुढं गेला आणि चालीवर चहा मागू लागला.